डाएट संपतं, मग वजन परत का येतं? एक जुनी हकीकत

"डॉक्टर, गेल्या वर्षी चौदा किलो उतरवले होते. आता सगळे परत आले." हे वाक्य मी दवाखान्यात इतक्या वेळा ऐकलं आहे की पुढचं वाक्यही पाठ झालं आहे. ते बहुधा शेजारच्या खुर्चीतून येतं: "तोंडावर ताबाच नाही ना!" सांगणाऱ्याची मान आणखी खाली जाते.

वजन कमी कसं करायचं यावर लेख, पुस्तकं, व्हिडिओ यांचा ढीग आहे. कमी झालेलं वजन टिकवायचं कसं, हा प्रश्न मात्र वैद्यकशास्त्राने स्वतःला फार उशिरा विचारला. तो कोणी विचारला आणि काय उत्तर मिळालं, ते आज सांगतो. त्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसानेही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आधुनिक डाएटची गोष्ट लंडनच्या विल्यम बँटिंगपासून सांगायची पद्धत आहे. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता. अंत्यविधीची व्यवस्था करणं हा त्याच्या घराण्याचा धंदा, आणि तोही राजघराण्यापर्यंत पोहोचलेला. उंची पाच फूट पाच इंच, आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये वजन २०२ पौंड, म्हणजे साधारण ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरायचा तर उलटं होऊन सावकाश उतरावं लागे. नाव वल्हवून झाली (त्याने भूकच वाढली), टर्किश बाथ झाले, निरनिराळ्या ठिकाणचं औषधी पाणी पिऊन झालं. शेवटी ऐकू कमी येतं म्हणून तो विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वीने पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकली होती. त्याने बँटिंगचा ब्रेड, साखर, बटाटे, दूध आणि बिअर बंद केली. मांस, मासे, भाज्या आणि थोडी वाइन ठेवली. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे जवळजवळ २१ किलो उतरले.

बँटिंगने १८६३ मध्ये हा अनुभव एका छोट्या पुस्तिकेत छापला आणि ती प्रचंड गाजली. इतकी की 'बँटिंग करणे' म्हणजे डाएट करणे असं इंग्रजीत रूढ झालं. स्वीडिश भाषेत आजही डाएट करण्याला 'बांता' म्हणतात. आज कीटो डाएट म्हणून जे विकलं जातं त्याचं हे पणजोबाच म्हणायचं.

पुस्तिकेतली माझ्या आवडीची गोष्ट वेगळीच आहे. बँटिंगने आपल्या वजनाचा तारीखवार तक्ता छापला होता. वजन उतरल्यावरही त्याने वजनकाटा सोडला नाही आणि जेवणाची पद्धतही सोडली नाही. थोडी साखर खाल्ली तर आठवड्यात वजन किती वाढतं, हेसुद्धा तो स्वतःवर तपासून पाहत असे. १८७८ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी तो वारला. लोकांनी त्याचं डाएट उचललं. त्याचा तक्ता मात्र कोणी उचलला नाही.

त्यानंतर ऐंशी वर्षं डाएट येत राहिली, जात राहिली. डाएट संपल्यावर माणसाच्या शरीरात काय होतं याकडे कोणी नीट पाहिलं नाही. शेवटी ते पाहिलं गेलं, पण लठ्ठपणाच्या नव्हे, उपासमारीच्या प्रयोगात.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लाखो लोक उपाशी होते आणि त्यांना पुन्हा खायला घालायचं तर कसं, याचं शास्त्र कोणाकडे नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. (बीएमआय हे नाव त्यांनीच पुढे १९७२ मध्ये रूढ केलं. स्वतः शंभर वर्षं जगले.) कीजनी ३६ तरुण निवडले. हे तरुण युद्धविरोधी होते. तत्त्व म्हणून शस्त्र धरायला नकार दिलेले आणि त्याऐवजी दुसरी सेवा पत्करलेले. म्हणजे मनाचा निश्चय हीच ज्यांची ओळख, अशी माणसं. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत राहायला आणलं.

पहिले बारा आठवडे सगळ्यांना पोटभर जेवण, दिवसाला सुमारे ३२०० कॅलरी. पुढचे चोवीस आठवडे त्याच्या निम्मं, सरासरी १५७० कॅलरी. दिवसातून दोनदा जेवण आणि त्यात बटाटे, सलगम, कोबी, ब्रेड, मॅकरोनी असलं उपाशी युरोपात मिळणारं अन्न. शिवाय आठवड्याला २२ मैल चालायचं. आता तुमच्या फोनवरचं एखादं डाएट उघडून पाहा. बाराशे, पंधराशे कॅलरी असंच काहीतरी लिहिलेलं असेल. कीजनी ज्याला अर्ध-उपासमार म्हटलं, जवळपास तेच आपण आज डाएट म्हणून हौसेने करतो. अर्थात हे तरुण सडपातळ होते, चालणंही बरंच होतं, आणि ज्याच्या अंगावर चरबीचा साठा आहे त्याला याची झळ कमी बसते. पण झळेचा प्रकार तोच असतो.

सहा महिन्यांत त्यांचं वजन सुमारे पंचवीस टक्के उतरलं. सोबत जे घडलं ते महत्त्वाचं आहे. शरीर विश्रांतीत असताना जी ऊर्जा खर्च करतं ती जवळजवळ ४० टक्क्यांनी घटली. नाडीचे ठोके मिनिटाला ३५ च्या आसपास आले. उन्हाळ्यातही थंडी वाजायची. गप्पांचा विषय एकच, अन्न. ज्यांनी कधी कढईला हात लावला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. ताटली चाटून पुसून खायची, घासात पाणी मिसळून तो लांबवायचा, च्युइंग गम दिवसभर चघळायचं. चांगली शिकलेली, ध्येयवादी माणसं ही. त्यांच्या स्वभावात कालपर्यंत असलं काही नव्हतं.

मग पुन्हा खायला द्यायला सुरुवात झाली. पहिले बारा आठवडे मोजून मापून आणि पुढे काही जणांना हवं तेवढं. पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचे आणि तरी म्हणायचे, भूक गेली नाही. काहींचं दिवसाचं खाणं पाच हजार कॅलरींच्या पुढे गेलं. वजन परत आलं. पण कशा क्रमाने? चरबी आधी भरली आणि मूळ पातळी ओलांडून पुढे गेली. स्नायू तोवर पुरते भरून आले नव्हते. अब्दुल दुल्लू या शास्त्रज्ञाने पन्नास वर्षांनी, १९९० च्या दशकात, कीजच्याच नोंदींचा नव्याने हिशोब मांडला. त्यात दिसलं की या तरुणांची अनावर भूक चरबी परत आल्यावर थांबली नाही. स्नायूंचं नुकसान भरून येईपर्यंत ती चालू राहिली. स्नायू भरून येईपर्यंत वर चरबीची जादा भर पडून गेली होती.

डाएट सोडल्यावर "होतो त्याहून दोन किलो जास्तच झालो" असं पेशंट सांगतात ना, त्याचं एक कारण या नोंदींत आहे.

कीजचा दोन खंडांचा ग्रंथ १९५० मध्ये निघाला. पण तो उपासमारीवरचा ग्रंथ होता. लठ्ठपणा पाहणाऱ्या डॉक्टरांनी तो आपल्यासाठी आहे असं मानलं नाही. ते आपले कागद देत राहिले: हे खा, हे खाऊ नका, महिन्याने या.

त्या कागदांचा निकाल काय लागतो हे तपासायचं धाडस अल्बर्ट स्टंकर्ड या मानसोपचारतज्ज्ञाने केलं. आहारतज्ज्ञ मॅव्हिस मॅक्लॅरन-ह्यूम यांच्यासोबत त्यांनी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या १०० लठ्ठ पेशंटांचा मागोवा घेतला आणि १९५९ मध्ये तो छापला. शंभरांपैकी फक्त बारा जणांनी २० पौंड म्हणजे नऊ किलो कमी केले. दोन वर्षांनी तेवढी घट टिकलेले उरले दोन. होय, दोन.

हा निबंध खळबळजनक होता आणि त्याचं एक पिल्लू अजून जिवंत आहे. "९५ टक्के लोकांचं वजन परत येतं" असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. त्या आकड्याचं मूळ शोधत गेलं तर बहुधा या निबंधापाशीच येऊन थांबतं. पण ते शंभर पेशंट कोण होते? आहाराचा कागद हातात देऊन घरी पाठवलेले. त्या काळच्या उपचारात पुढची साथ अशी नव्हतीच. म्हणून मला त्या निबंधाचा अर्थ असा वाटतो की कागद हरला, माणसं नव्हे. लोकांनी नेमका उलटा अर्थ घेतला.

मग शास्त्रज्ञ उंदरांकडे वळले. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये एक अतिलठ्ठ उंदीर जन्मला होता. तो सतत खायचा. डग्लस कोलमन यांनी असा लठ्ठ उंदीर आणि साधा उंदीर शस्त्रक्रियेने जोडून दोघांचं रक्त एकमेकांत फिरवलं, तर लठ्ठाचं खाणं कमी झालं. म्हणजे "आता पुरे" असा काही निरोप रक्तातून जातो, आणि तो या लठ्ठ उंदराकडे नाही. तो निरोप कोणता हे १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलं. ते हॉर्मोन चरबीच्याच पेशी बनवतात. नाव लेप्टिन, ग्रीकमधल्या 'सडपातळ' या अर्थाच्या शब्दावरून.

जगभर आनंदीआनंद झाला. एका औषध कंपनीने दोन कोटी डॉलर मोजून हक्क घेतले. पण बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन कमी नसतंच, उलट भरपूर असतं. वरून टोचून विशेष उपयोग होईना. ज्या मोजक्या मुलांमध्ये ते जन्मतःच नसतं त्यांचं आयुष्य मात्र या औषधाने पालटलं.

लेप्टिनचं खरं काम हळूहळू उमगलं. चरबी उतरली की लेप्टिन घसरतं, आणि ते घसरलं की मेंदू समजतो दुष्काळ पडला. पुढचं सगळं मिनेसोटातल्यासारखं. भूक वाढवा, खर्च कमी करा. मेंदूला आरशातलं पोट दिसत नाही, त्याच्याकडे फक्त साठ्याचा हिशोब पोहोचतो. रुडॉल्फ लायबेल आणि मायकेल रोझेनबॉम यांनी लोकांना रॉकफेलरच्या रुग्णालयात ठेवून हे मोजलं आणि १९९५ मध्ये छापलं. वजन दहा टक्के उतरवलेल्या माणसाचा ऊर्जेचा खर्च त्याच्या नव्या वजनाला शोभेल त्याहूनही कमी होतो. सोप्या भाषेत सांगायचं तर दोन माणसं, दोघंही सत्तर किलोची. एक कायम सत्तरचा, दुसरा पंच्याऐंशीवरून उतरून सत्तरवर आलेला. दोघांनी सारखंच जेवलं तर दुसऱ्याचं वजन वाढतं. हे अन्यायाचं आहे, पण असंच आहे.

हे किती दिवस चालतं? मेलबर्नमध्ये प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार दिला. सरासरी साडेतेरा किलो उतरले. वर्षभराने पाहिलं तर भूक वाढवणारं घ्रेलिन अजून वर होतं, पोट भरल्याची जाणीव देणारी हॉर्मोन अजून खाली होती. हे १९११ चं नव्हे, २०११ चं संशोधन. म्हणजे माझ्या पिढीचे डॉक्टर दवाखाना थाटून बसले होते तेव्हाही हे ठाऊक नव्हतं. पुढे २०१६ मध्ये केव्हिन हॉल यांच्या गटाने अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही!

इथवर वाचून कोणी हात टेकू नयेत, कारण याच काळात दुसऱ्या टोकाने काम चाललं होतं. रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये साधा प्रश्न उलटा करून विचारला: ज्यांचं वजन परत आलं नाही, ते काय करतात? किमान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो उतरवून निदान वर्षभर टिकवलेल्या लोकांची त्यांनी नोंदवही सुरू केली. पुढे त्यात दहा हजारांहून जास्त माणसं आली. डाएट प्रत्येकाचं निराळं. सारखेपणा दिसला तो नंतरच्या वागण्यात. बहुतेक जण रोज सरासरी तासभर हालचाल करतात, मुख्यतः चालतात. पाऊणशे टक्के लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. टीव्ही कमी पाहतात. ही आपणहून नाव नोंदवलेली मंडळी आहेत, त्यामुळे यावरून सगळ्या जगाचा अंदाज बांधता येत नाही. पण बँटिंगचा तक्ता दीडशे वर्षांनी असा पुन्हा भेटला.

विंगनी पुढे खरी चाचणीही घेतली. नुकतंच वजन उतरवलेल्या ३१४ जणांचे तीन गट केले. एकाला फक्त माहितीपत्रं, दुसऱ्याला इंटरनेटवरून मार्गदर्शन, तिसऱ्याला प्रत्यक्ष भेटी. शिकवण मुख्यतः एकच होती: रोज वजन करा. ठरलेल्या आकड्याच्या जवळ असाल तर हिरवा, थोडं वाढलं की पिवळा, पाच पौंडांच्या वर गेलं की लाल. लाल आला की लगेच मदत घ्या. दीड वर्षाने सव्वादोन किलोंहून जास्त वजन परत आलेले लोक पहिल्या गटात ७२ टक्के होते, इंटरनेटच्या गटात ५५, प्रत्यक्ष भेटणाऱ्यांत ४६. डाएट शिकवणारा कोणी नाही, फक्त पहारा आणि भेट, तरी एवढा फरक.

मधुमेही लोकांवरचा 'लुक अहेड' नावाचा एक मोठा अमेरिकन अभ्यास होता, ५१४५ जणांचा. त्यात ज्यांना वर्षानुवर्षं नियमित भेटी आणि साथ मिळाली त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी आठव्या वर्षीही मूळ वजनापेक्षा निदान पाच टक्के घट राखली होती. हृदयविकार कमी होतील ही आशा मात्र त्या अभ्यासात फळली नाही, हेही सांगायला हवं. साखर सुधारली, औषधं कमी झाली, गुडघे हलके झाले. पण स्टंकर्डच्या शंभरातल्या दोनांशेजारी हे 'निम्मे' ठेवून पाहा.

आता इंजेक्शनं आली आहेत आणि प्रत्येक जण विचारतो, "तीन महिने घेतलं तर चालेल ना?" सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १७ टक्के वजन उतरलं. मग इंजेक्शन आणि सोबतचं मार्गदर्शन दोन्ही थांबवलं. एका वर्षात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. ब्लडप्रेशरची गोळी बंद केली की प्रेशर वाढतं, तेव्हा आपण "गोळी खोटी" म्हणत नाही आणि "पेशंट आळशी" असंही म्हणत नाही. वजनाला मात्र आपण अजून तो नियम लावत नाही.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय शरीरात मुळातच स्नायू कमी आणि चरबी जास्त, असं हे चित्र. आता मिनेसोटाचा क्रम आठवा: उतरताना स्नायूही जातात, परत येताना चरबी आधी येते. दर लग्नसराईआधी दहा किलो उतरवायचे आणि दिवाळीपर्यंत परत आणायचे, असं चार वेळा करणाऱ्या माणसाचं काट्यावरचं वजन तेच दिसेल, पण आतला माल बदलत जाण्याची भीती आहे. म्हणून डाएट चालू असतानाच डाळ, कडधान्यं, दही, अंडी, मासे यांतलं जे चालत असेल ते ताटात पुरेसं ठेवायचं, आणि चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर लावायचा व्यायाम करायचा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्याने सुरुवात होते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी विचारा. मधुमेहाची किंवा प्रेशरची औषधं चालू असतील तर वजन उतरताना डोस कमी करावा लागू शकतो, तेही विचारा.

पेशंटचं वजन उतरलं की तो यायचा बंद होतो. काम झालं, असं त्याला वाटतं. मी आता त्या दिवशी केसपेपरवर दोन आकडे लिहितो: आजचं वजन, आणि त्याहून दोन किलो जास्त. पहिले सहा महिने दर महिन्याला भेट, पुढे तीन महिन्यांनी. घरी आठवड्यातून एकदा तरी, सकाळी, एकाच काट्यावर वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. ज्यांना आकडा पाहून दिवसभर जेवण सुटतं किंवा खाण्याचा जुना मानसिक त्रास आहे, त्यांनी घरी वजन करू नये, दवाखान्यातच करू. दुसरा आकडा दिसला की पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं. येताना कॅलेंडर घेऊन यायचं. रागावणार कोणी नाही.